बेसिनखालचा हिशेब

बाथरूममधलं जुनं खांबाचं बेसिन काढून तिथे कपाटाचं बेसिन बसवायचं ठरलं, तेव्हा घरात मोबाइलवर बेसिनचे फोटो फिरायला लागले. मी बॅटरी आणि मेजरिंग टेप घेऊन जुन्या बेसिनखाली शिरले. ही कामं मी सोळा वर्षं करते आहे, आधी बाबांच्या हाताखाली आणि आता एकटीने. बाबा म्हणायचे, दुकानात जायच्या आधी भिंतीला विचार.

आमची इमारत १९९४ची. सांडपाण्याचं भिंतीतलं तोंड फरशीपासून १९ इंचांवर निघालं. बाकी सगळं या एका आकड्यावर ठरतं, कारण ते तोंड वरखाली करायचं तर भिंत फोडावी लागते. दुसरा आकडा सासूबाईंचा. त्यांची उंची चार फूट दहा इंच, आणि जुन्या बेसिनची कड होती ३२ इंचांवर. स्टुलावर फळ्या रचून त्यावर पातेलं ठेवलं आणि म्हटलं, "आई, चूळ भरताना वाकता तशा वाका बरं." त्या वाकल्या, ओंजळ धरली आणि म्हणाल्या, "अगं, अजून खाली घे. इथे पाणी कोपरापर्यंत ओघळतं." फळ्या काढत काढत ३० इंचांवर आलो, तेव्हा कुठे ओंजळीतलं पाणी पातेल्यात पडेल अशी त्यांच्या हातांची ठेवण आली. इतकी वर्षं त्यांच्या बाह्या ओल्या का असायच्या ते मला त्या दिवशी कळलं, आणि वाईटही वाटलं.

आता जोडून बघा. सगळ्यांना आवडलेलं दगडावर ठेवायचं बेसिन सहा इंच उंच होतं. कड ३० वर हवी, म्हणजे दगड २४ वर येणार. त्याखाली वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅप धरला, तर ट्रॅपचं तोंड भिंतीतल्या तोंडाच्या खाली जातं. पाणी चढ चढत नाही. म्हणून चार इंच उंचीचं बेसिन घेतलं आणि दगड २६ वर आणला. फोटोतलं बेसिन अधिक देखणं होतं, हे मी मान्य करते.

मग हिशेबाची वही. बहुतेक लोक यादी वरून खाली लिहितात : बेसिन, नळ, दगड, कपाट. माझीही पहिली यादी तशीच होती. बेसिन २,९०० रुपये. दगडावरच्या बेसिनला उंच नळ लागतो, त्याचे २,६००. काळा ग्रॅनाइट, भोक आणि कडेच्या पॉलिशसकट २,१००. प्लायवूडची एक शीट ३,६८०, लॅमिनेट २,०००, बिजागऱ्या, एजबँड, फेव्हिकॉल आणि स्क्रू १,३५०. बेरीज १४,६३०. ठरवले होते १५ हजार, म्हणजे काम बसलं असं वाटतं. पण या यादीत अँगल कॉक नाही, कनेक्शन पाइप नाही, कपलिंग, बॉटल ट्रॅप, सिलिकॉन, टेफ्लॉन टेप, भिंतीतले अँकर बोल्ट, काहीच नाही. त्यांचे झाले ३,१००. पैसे वरच्या वस्तूंवर संपले की याच ठिकाणी हात आखडतो, आणि नेमक्या याच वस्तू पाणी अडवून धरतात. म्हणून मी आता वहीचं पान खालून वर लिहिते.

कपलिंगचं एक सांगते. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर हाफ थ्रेड, नसेल तर फुल थ्रेड. दुकानदाराने विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का बघून घेतला. हे प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात तपासलेलं असतं. तरी पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कोऱ्या कडांना मी ऑइल पेंटचे दोन हात दिले. पाणी शिरतं ते कडेतून. कपाट जमिनीवर न टेकवता भिंतीवर टांगलं, खालून पोछा फिरतो. पण नुसता दगडच अठरा किलोच्या आसपास, त्यात बेसिन, त्यात कपाट. टाइलवर मास्किंग टेप लावून, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोकाला सुरुवात केली. टाइल पार झाल्यावर पांढरी भुकटी थांबली आणि लाल भुकटी यायला लागली, तेव्हा जिवात जीव आला. लाल म्हणजे वीट. राखाडी, हलकी भुकटी आली असती तर ब्लॉकची भिंत, आणि मग या बोल्टांवर मी कपाट टांगलं नसतं.

एवढं सगळं मापून-मोजूनही जुना अँगल कॉक निघेना. पान्याला जोर दिला आणि भिंतीतला निपल गंजून तुटला. इथे मी थांबले. भिंतीतली लाइन मी स्वतः उघडत नाही. ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने एक टाइल फोडून जोड बदलला, साहित्यासकट १,८०० घेतले. तशी टाइल आता मिळत नाही, पण ती जागा कपाटामागे झाकली गेली. एकूण खर्च १९,५३०.

सिलिकॉनला २४ तास सुकू दिलं. मग पाणी सोडलं, कपाटात वर्तमानपत्र अंथरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पेपर कोरडा होता, कोपराकोपरावर हात फिरवून पाहिला. सासूबाईंनी तोंड धुतलं. बाह्या कोरड्या होत्या.

तुम्ही हे काम काढणार असाल तर बेसिन बघायला जाण्याआधी जुना अँगल कॉक एकदा हाताने फिरवून बघा. फिरला नाही, तर प्लंबरचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.