लुगड्याची झोळी आणि खडकवासल्याची वाट

रविवारची बुद्धवंदना आटोपून विहारातल्या सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात माझी भाची आठ महिन्यांच्या छकुलीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "मामा, बाळ झालं म्हणजे बाईनं आता दोन वर्षं घराच्या भिंतीच बघत बसायच्या का?"

प्रश्न मला विचारला असला तरी तो मागे उभ्या असलेल्या जावयांना ऐकू जावा, म्हणून जरा मोठ्यानेच विचारला होता. लग्नाआधी ही पोरगी महिन्यातून दोनदा सिंहगड चढायची. बाळंतपणानंतर तिने पर्वतीची पायरीसुद्धा पाहिली नव्हती. कोणी म्हणे बाळाला वारा लागेल, कोणी म्हणे ऊन लागेल. जावई मात्र तिला न्यायला तयार होते, आणि मला भीती वाटली ती त्यांच्या तयारीचीच! त्यांनी छातीवर अडकवायची एक पिशवी विकत आणली होती. तिच्यात छकुलीला घालायचे, मोटारसायकलला किक मारायची आणि अर्ध्या-पाऊण तासात खडकवासला गाठायचे, असा बेत होता. शिवाय पुढच्या महिन्यात सायकलला लावायची बाळाची खुर्ची घ्यायची, तीही त्यांनी पाहून ठेवली होती.

बंधू-भगिनींनो, तान्ह्या बाळाला घेऊन चालणे आपल्या समाजाला नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे लाखो लोक जमले, त्यांत कडेवर लेकरे घेतलेल्या आया-बहिणी काही थोड्या नव्हत्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला आजही हेच दृश्य दिसते. आणि बाळंतिणीच्या विसाव्याची बाजू मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली बाबासाहेबांनी मांडली होती. गिरणीतल्या बाईला प्रसूतीच्या काळात पगारी रजा मिळावी, या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. पण आपल्याच घरातल्या बाळंतिणीला एक रविवार मोकळा द्यायची वेळ आली की आपल्याला वारा आणि ऊन आठवते.

तेव्हा जायचे हे ठरले. प्रश्न उरला तो बाळाला न्यायचे कशात!

मी वाणिज्य शाखेचा माणूस. पडताळा घेतल्याशिवाय कागदावर सही करीत नाही. जावयांना म्हटले, "तुम्ही रागावू नका, पण आधी छकुलीऐवजी तांदूळ घालून बघू." छकुलीचे वजन आठ किलो. तेवढा तांदूळ पिशवीत भरून जुन्या चादरीत घट्ट गुंडाळला, जावयांच्या छातीवर ती पिशवी अडकवली आणि त्यांना आमच्या इमारतीचे तीन जिने चढ-उतार करायला लावले. दुसऱ्या फेरीला उजव्या खांद्याचा पट्टा बकलातून चार बोटे सरकला. तांदूळ सांडले नाहीत, पण जावई गप्प झाले. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते आणि तिला पैसा लागत नाही. नवी वस्तू असो की कोणाची मागून आणलेली, आधी तांदूळ आणि मग बाळ.

त्या पिशवीत दुसराही एक दोष होता, तो सहज दिसणारा नव्हता. तिची बैठक फारच अरुंद होती. बाळाच्या जांघेखाली जेमतेम चार बोटांची पट्टी आणि दोन्ही पाय काठीसारखे सरळ लोंबणार. हाडांचे डॉक्टर सांगतात की पहिल्या काही महिन्यांत बाळाचा खुब्याचा सांधा अजून कोवळा असतो. पाय फाकलेले आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, जसे बेडूक बसतो तसे, हीच त्याची नैसर्गिक बैठक. आपल्या आया कडेवर घेतात तेव्हा बाळ आपोआप असेच बसते. म्हणून बाळ वाहायचे साधन घेताना बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहावे.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर त्याचा श्वास कोंडू शकतो आणि ते रडतही नाही. हनुवटीखाली आपली दोन बोटे सहज जावीत, बाळाचे तोंड-नाक कापडाने झाकले जाऊ नये, चेहरा सतत आपल्या नजरेत असावा आणि मान जराशी वाकवली की त्याच्या टाळूचा मुका घेता यावा, इतके ते उंचावर बांधावे. मान धरायला लागण्यापूर्वीच्या बाळाला तर पाठीवर घेऊच नये. ते छातीशीच हवे, तेही मानेला आधार देऊन.

या सगळ्या चर्चेत माझी आई भिंतीला टेकून बसली होती. आता ती पासष्ट वर्षांची आहे. उठली, पत्र्याच्या ट्रंकेतून एक जुने सुती लुगडे काढले आणि भाचीसमोर टाकले. म्हणाली, "हे बांध. माझ्या आईनं मला यातच बांधलं होतं."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण खडकवासल्याला जाण्याआधी ती वाचकांनाही सांगायला हवी. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. ते पाणी खाली आले आणि दुपारी खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही गेली. त्या वेळी आमची आजी दत्तवाडीजवळ नदीकाठच्या झोपडीत राहत होती. आई तेव्हा एक वर्षाची, तिच्या वरची दोन भावंडे, आणि आजोबा कामावर. पाणी आले, पाणी आले, अशी ओरड झाली तेव्हा आजीने दोरीवरचे लुगडे ओढले, आईला पाठीशी करकचून बांधले, दोन हातांनी दोन पोरांची मनगटे धरली आणि पर्वतीच्या दिशेने पळत सुटली. झोपडी गेली, भांडी गेली. तिन्ही लेकरे राहिली. आजी म्हणायची, "पाठीवरचीची मला काळजीच नव्हती. हात मोकळे होते ना!"

पुढे आईने बांधकामांवर बिगारी म्हणून काम करताना आम्हा भावंडांनाही असेच पाठीशी बांधले. शहरात आज मोठ्या दुकानांतून हीच चार-पाच मीटरची लांब पट्टी सुंदर डबीत घालून विकतात आणि ती कशी बांधायची याचे चित्रांचे पुस्तकही देतात. विकणाऱ्यांनी विकावी. आपल्या घरच्या ट्रंकेत ती आहे, हे मात्र विसरू नये.

तरीही आईचे लुगडे मी जसेच्या तसे वापरू दिले नाही. त्यावरून तिचा-माझा थोडा खटका उडाला. जुने सूत मऊ असते, बाळाला टोचत नाही, घाम शोषते, हे खरे. पण ते विरतेही. खिडकीच्या उजेडासमोर लुगडे धरले तर मधला भाग जाळीसारखा दिसत होता. तो बाजूला ठेवून काठाकडचा जाड भाग घेतला, दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिला आणि पुन्हा तांदूळ बांधले. नायलॉनची किंवा गुळगुळीत साडी या कामाला घेऊ नये, गाठ सुटते. गाठ दुहेरी मारावी आणि ती मणक्यावर येऊ देऊ नये.

ज्यांना गडावर नेहमी जायचे आहे आणि ऐपत आहे, त्यांच्यासाठी अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची पाठपिशवीही मिळते. आत बाळाची खुर्ची, वर छप्पर, कमरेला जाड पट्टा. तिचा सारा गुण त्या कमरेच्या पट्ट्यात आहे, कारण ओझे खांद्यावरून उतरून कमरेवर बसते. पण आधाराशिवाय बसता येणाऱ्या बाळासाठीच ती आहे. रिकामीच दोन-तीन किलो भरते आणि किंमत काही हजारांत जाते. चार घरांनी मिळून एक घेतली तर परवडेल. मंडळाच्या सतरंज्या आणि भांडी आपण वापरतोच की! तिच्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चढणाऱ्याला घाम फुटतो, पण बाळ हालचाल न करता बसलेले असते, त्याला थंडी वाजते. दर थोड्या वेळाने त्याच्या पायाची बोटे हाताने चाचपावीत. पाठीवरच्या बाळाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. म्हणून एक माणूस मागून चालावा किंवा हातात छोटा आरसा ठेवावा.

आता मोटारसायकल. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. जावई म्हणाले, "मामा, म्हणजे छकुलीला हेल्मेटची गरज नाही, ती आठ महिन्यांची आहे." मी म्हटले, "तुम्ही उलटा अर्थ काढलात. तिची मान हेल्मेटचं ओझं पेलण्याइतकी झालेली नाही. मग तिला त्या रस्त्यावर न्यायचंच कशाला?" सिंहगड रस्ता ज्यांना माहीत आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. धायरी फाट्यापासून पुढे डंपर, खड्डे आणि रविवारची गर्दी. लुगड्याची झोळी दुचाकीवर तर मुळीच नको. पडलो तर आपणच बाळावर पडू.

सायकलचेही तेच. बालरोगतज्ज्ञ सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर बसवू नये. त्यानंतरही खुर्चीला दोन्ही खांदे, कमर आणि जांघेतून असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा असावा, आणि पाय स्पोकमध्ये जाणार नाहीत अशी दोन्ही बाजूंना आडोशाची पाटी असावी. कॅरिअरवर नुसती उशी बांधून मुलाला बसवल्याने टाच चाकात गेलेली मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. सायकल उभी करून मूल खुर्चीत ठेवून पानपट्टीवर जाणे हेही बंद करावे. सायकल कलंडते.

अखेर आम्ही बसने गेलो. डिसेंबरातला रविवार, सकाळचे कोवळे ऊन. पिशवीत दोन दुपटी, लंगोट, कानटोपी, उकळून गार केलेले पाणी, वाटीभर मऊ खिचडी. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते, वरचे पाणीही लागत नाही. छकुली त्यापुढची होती. छकुली भाचीच्या छातीशी लुगड्यात. आणि सगळ्यांत आश्चर्य म्हणजे आई आमच्याबरोबर बसमध्ये! खडकवासल्याचे नाव काढले की ती आजवर मान फिरवायची. त्या पाण्याचे तोंड बघायचे नाही, असे तिच्या आईने तिला सांगितले होते. पण गाठ दुसऱ्या कोणाला नीट मारता येणार नाही, यावर तिचा ठाम विश्वास होता.

खडकवासल्याला उतरलो. हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले, पण धरणाशी आले की अजून शहर संपल्यासारखे वाटते. खालच्या अंगाला जल व विद्युत संशोधन केंद्र. १९१६ साली सुरू झालेले आणि १९३६ पासून केंद्र सरकारकडे असलेले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे श्रमखात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते, हे मी जावयांना सांगत होतो. त्यांचे लक्ष कणसाच्या गाडीकडे होते. समोर पाणीच पाणी. पलीकडच्या अंगाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा हिरवा परिसर, डावीकडे सिंहगडाचा कडा. चौपाटीवर भजी, कणसे, घोडे. काठावरची शेवाळलेली दगडी उतरण फार निसरडी. बाळ बांधलेल्या माणसाने पाण्याच्या कडेला जाऊ नये, फोटोसाठी तर नाहीच.

तेथून पुढची बस धरून आतकरवाडीला गेलो आणि गडाची पाऊलवाट धरली. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. पूर्ण चढायचा नाही, हे आधीच ठरवले होते. आई पायथ्याच्या झाडाखाली बसली. भाची पुढे, मी मागे, जावई पिशवी घेऊन. बाईच्या चालण्यात जुना झपाटा आला होता. दगडावर दोन्ही हात टेकून ती चढत होती आणि छकुली तिच्या गळ्यातली मण्यांची माळ ओढत होती. अर्ध्या वाटेवर सरबताच्या झोपडीशी छकुलीने भोंगा पसरला. भाचीला आणखी वर जायचे होते. तोंड पाडून बसली, दूध पाजले, आणि मग स्वतःच म्हणाली, "चला, उतरू या." उतरताना तिने वेग कमी केला. झोळीमुळे पायाखालचे दिसत नाही, म्हणून जावई पुढे राहून पायरी सांगत होते.

परतीला आईने बस खडकवासल्याला पुन्हा सोडायला लावली. रस्त्याच्या कडेला उभी राहून बराच वेळ धरणाकडे बघत होती.

"हीच का रे ती भिंत?"

"फुटलेला भाग नंतर नव्यानं बांधला, आई."

ती काही बोलली नाही. मग भाचीला जवळ ओढले, झोळीत झोपलेल्या छकुलीच्या हनुवटीखाली दोन बोटे घालून पाहिली, गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट मारली.