आय ॲम फाइन!

‘फाइन’ या इंग्रजी विशेषणाचं मला नेहमी नवल वाटतं. शाळेत आपण ते शिकतो एकाच वाक्यात, ‘हाउ आर यू?’चं ठरलेलं उत्तर म्हणून. मग हळूहळू कळत जातं की हे पात्र दर घरी वेगळं वागतं.

सोनाराकडे फाइन म्हणजे शुद्ध, हजारात ९९९ भाग सोनं (२२ कॅरेटचा दागिना ९१६ वरच थांबतो). कापडवाल्याकडे तलम. प्रदूषणाच्या बातम्यांत २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, जे थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. एकीकडे सगळ्यात चांगलं, दुसरीकडे सगळ्यात वाईट, आणि विशेषण तेच!

क्रिकेटमध्ये तर कमालच. माझा धाकटा भाऊ लहानपणी रेडिओवर कॉमेंट्री ऐकताना समजून चालला होता, की फाइन लेगला टीममधला सगळ्यात छान फील्डर ठेवतात. प्रत्यक्षात दोन्ही टोकांच्या यष्ट्यांना जोडणारी रेघ कीपरच्या मागे तशीच वाढवायची. तिच्या जितकं जवळ तितकं फाइन, लांब जाल तसं स्क्वेअर. चांगलं-वाईट काही नाही, नुसता कोन लहान.

या सगळ्यांचा मूळपुरुष लॅटिनमधला ‘फिनिस’, म्हणजे शेवट. शेवटपर्यंत नेलेलं, आणखी सुधारायला जागाच न उरलेलं, ते फाइन. दंडाचा फाइनही याच घराण्यातला... पैसे भरा आणि प्रकरण मिटवा.

पण वापरून वापरून शब्द झिजतात. आपल्या ‘बरं’चंच बघा ना. गोव्यात कुणी ‘देव बरें करूं’ म्हणतं तेव्हा त्यातलं ‘बरें’ भरभक्कम असतं. आणि आपल्याकडे? “सिनेमा कसा होता?” “बरा होता.” म्हणजे तिकिटाचे पैसे गेले. फाइनचंही तेच. सोळा वर्षांची मुलगी दार आपटत “फाइन!” म्हणते, तेव्हा त्यात सोनं शोधायला जाऊ नये.

असो. हे सगळं आठवायचं कारण आमची आई. २०१२ मध्ये ती भावाकडे लेस्टरला गेली होती. शेजारची बाई भेटायला आली. आईने विचारलं, “टी?” ती हसून म्हणाली, “आय ॲम फाइन, थँक यू.” आईने आलं घालून कपभर चहा आणून ठेवला. आता तिथे या वाक्याचा अर्थ ‘नको’ असा होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! बाई बिचारी चांगली, तिने मुकाट्याने संपवला.

इथवर गंमत होती. पुढे आईच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. तीन रात्री झोप नाही. भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने आत बोलावलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “हाउ आर यू टुडे?” आई खुर्चीत ताठ बसली आणि शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं वाक्य स्वच्छ उच्चारात म्हणाली, “आय ॲम फाइन, थँक यू.”

भाऊ सांगतो, तो तोंड उघडणार तर आईने त्याचा हात दाबला. परक्या माणसापुढे पहिल्याच वाक्याला रडगाणं लावायचं नाही, ही तिची शिस्त. मराठी डॉक्टरसमोरही ती आधी “बरंय” म्हणते. फरक इतकाच, की इथला डॉक्टर त्या ‘बरंय’वर विश्वास ठेवत नाही. तिथला ठेवायच्या बेतात होता. शेवटी भावाने तिचा हात सोडवून तीन रात्रींचा हिशेब सांगितला. सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले, आणि पुढे ऑपरेशनही झालं.

त्या दिवसांत भारतातून रोज फोन केला की आईचं उत्तर ठरलेलं, “मी फाइन आहे गं.” मग मी प्रश्नच बदलला. काय जेवलीस? किती पावलं चाललीस? जिना चढलीस का? या प्रश्नांना तिच्याकडे पाठ केलेली उत्तरं नव्हती.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मात्र एक मल्याळी नर्स सकाळी आली आणि तिनेही तोच प्रश्न विचारला. आईने तिच्याकडे बघितलं आणि सरळ मराठीत म्हणाली, “दुखतंय गं बाई.” नर्सने मान डोलावली आणि गोळी आणून दिली.