रताळी की कळलावी

भांबोलीत एका शेताच्या बांधावर जेसीबी फिरला. मागच्या गोदामाला रस्ता हवा होता. बांधाबरोबर बोरी-बाभळी गेल्या आणि उकरलेल्या मातीत कळलावीचे कंद वर आले. शेत ज्यांचं, ते आमच्याच चाकणच्या कंपनीत स्टोअरला आहेत. पेपरात गुंडाळलेला एक कंद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, पाऊस पडायच्या आत लावा. पण आधी घरात विचारा. वाईट असते ती."

कंद दोन फाट्यांचा, बोटभर जाड, साल तपकिरी. दोन्ही फाट्यांच्या टोकाला एकेक डोळा. तो मोडला तर तो फाटा वाया. माती पुसली आणि पहिला विचार हाच आला, की रताळ्यांच्या ढिगात हा सहज खपेल. प्राधिकरणातल्या आमच्या गच्चीवर बायकोनं उपासाच्या हौसेनं क्रेटमध्ये रताळी लावली आहेत.

फूल मात्र असं, की एकदा पाहिलं की मोह सुटत नाही. श्रावणात मावळात हिंडताना झुडपांतून अचानक दिसतं. उमलताना हिरवट पिवळं, मग टोकाकडून लाल, शेवटी पूर्ण लाल. फूल मान खाली घालतं आणि सहाही नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळतात. वेल चढते ती पानांच्या शेंड्यांनी. प्रत्येक पानाचं टोक बारीक होत जातं आणि आधार मिळाला की त्याला विळखा घालतं. बाजारातल्या परदेशी शोभेच्या रोपांना ही देखणी रानवेल सहज मागे टाकेल, हे माझं प्रामाणिक मत.

आता दुसरी बाजू. या वेलीत कोल्चिसीन असतं, कंदात आणि बियांत भरपूर. ते पेशींचं विभाजनच थांबवतं. त्यामुळे ज्या पेशी सतत नव्यानं तयार होतात, त्यांना पहिला फटका: आतड्याचं अस्तर, मग रक्त बनवणारी अस्थिमज्जा, मग केस. पोटात गेल्यावर सुरुवातीचे काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि खरा धोका त्याच्याही पुढे असतो. सहज मिळेल असा उतारा नाही. उकडल्यानं विष जात नाही, म्हणजे रताळं समजून शिजवलं तरी सुटका नाही.

हेच कोल्चिसीन बाबांच्या ड्रॉवरमध्ये आहे. गाऊटनं अंगठा सुजला की डॉक्टर देतात ती अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एचए कंपनीत गेली. बुरशीपासून पेनिसिलिन काढणाऱ्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला विषाची भीती घालून उपयोग नसतो. "तमिळनाडूत शेतंच्या शेतं आहेत हिची," ते म्हणाले. खरंच आहे, तिथं बियांसाठी लागवड होते, बिया औषधासाठी विकल्या जातात आणि कळलावी त्या राज्याचं राज्यफूलही आहे. "पण त्या शेतकऱ्याला माहीत असतं आपण काय पिकवतोय. तुझ्या गच्चीवर कोण कोण येतं?"

प्रश्न माझ्याच धंद्यातला निघाला. क्वालिटीत आम्ही एफएमईए करतो: बिघाडाची तीव्रता किती, तो घडण्याची शक्यता किती, वेळेत पकडला जाईल का, तिन्हींना एक ते दहा गुण आणि त्यांचा गुणाकार. तीव्रता दहा असली तरी उरलेले दोन आकडे खाली ओढून गुणाकार गोंडस करायची खोड या पट्ट्यात कुणाला नाही? 2019 च्या नव्या हस्तपुस्तिकेनं तो गुणाकारच काढून टाकला आणि तीव्रतेला आधी मान दिला. "एवढं कोण खायला जातंय" हे म्हणणं म्हणजे आकडा खाली ओढणंच.

शेजारच्या काकूंचा आक्षेप वेगळा: कळलावी दारात लावली की घरात भांडणं होतात. त्यांच्या फाटकाशी पिवळी कण्हेर आहे. तिच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळलो आणि तिच्या बिया हृदयाचे ठोके बिघडवतात. सोसायट्यांच्या लॉबीत डिफनबाखिया, हायवेच्या दुभाजकात कण्हेर. विषारी म्हणून झाडं उपटायची ठरवली तर अर्धं शहर उजाड होईल. पण कण्हेरीला कुणी भाजी समजत नाही. कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि दिवाळीनंतर वेल वाळली की वर खूणही उरत नाही. कुंडी रिकामी समजून माळी ती क्रेटमध्ये ओतणार. घात झालाच तर फुलांच्या दिवसांत नाही, तेव्हा होईल.

बायकोनं दोन वाक्यांत निकाल लावला. "एका गच्चीवर दोन्ही नकोत. ती की रताळी, काय ते ठरवा."

रताळ्यांचे क्रेट मोशीला बहिणीकडे गेले. कळलावीला जड सिमेंटची कुंडी मिळाली, वरून जाळी, आणि त्या कुंडीची माती दुसरीकडे न्यायची नाही हा नियम. हातमोजे घालून कंद पुरला.

घरकामाच्या मावशी वाड्याकडच्या. त्यांना मुद्दाम दाखवायला नेलं, तर त्या हसल्या. "आम्हाला काय दाखवता? बाई अडली की आमची आजी हिचा कंद उगाळून तळपायाला लावायची. गुरं बांधताना आधी बघायचं, ही तिथं नाही ना." मग कुंडीवरची "विषारी" ही अक्षरं बघून म्हणाल्या, "माळी तर कलबुर्गीचा. त्याला वाचता येतंय का हे?"

कवटी आणि दोन हाडं बाबांनी रंगवली, मोठी आणि चारी बाजूंनी. माळ्याला समोर बसवून खुणांनी समजावलं ते मावशींनीच. शेंगा हिरव्या असतानाच कापायचं काम मी माझ्याकडे ठेवलंय. पिकून उकलल्या की आत लालभडक बिया दिसतात, आणि दिवाळीत बहिणीची मुलं याच गच्चीवर फटाके उडवायला येतात.