दार लावायची सोय

लॉकडाऊनमधल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. त्यात सगळ्यात जास्त लिहिलं गेलं ते एकटेपणावर. मी ते वाचायचे आणि वाटायचं, आम्हाला थोडा मिळाला असता तर बरं झालं असतं. ट्रॉम्ब्याच्या चिता कॅम्पमधल्या आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही सहा जण: आजी, आई, पप्पा, धाकटा भाऊ, दहावीतली बहीण आणि टी.वाय.ला असलेली मी.

खोलीचं हे माप आम्ही निवडलेलं नव्हतं. १९७६ साली, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी जनता कॉलनी पाडली आणि तिथल्या माणसांना खाडीकाठच्या दलदलीत आणून टाकलं. कॉलनी वाचवायला जोकिन अर्पुथम वर्षानुवर्षं लढले. त्यांना पुढे २००० साली मॅगसेसे मिळालं, कॉलनी तेवढी राहिली नाही. आजी त्या लोंढ्यातली. सरकारने घरात बसायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घर द्यायचं होतं मग जरा मोठं."

एरवी हे घर पुरायचं, कारण आम्ही सगळे एका वेळी त्यात कधी नसायचोच. पप्पा रिक्षावर, आई कामावर, आम्ही शाळा-कॉलेजात. माझा अभ्यास चेंबूरच्या लायब्ररीत व्हायचा. मार्च २०२० मध्ये हे सगळं एकदम बंद झालं आणि खोली होती तेवढीच उरली. पत्रा तापायचा, शेजारचा टीव्ही भिंतीतून आमच्याकडेच लागल्यासारखा ऐकू यायचा आणि एका मोबाइलवर तिघांचे वर्ग. सर म्हणायचे, कॅमेरा ऑन करा. कॅमेऱ्यात काय काय येईल ते बघूनच मी तो बंद ठेवायचे.

बहिणीचा दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग १२ एप्रिलला रद्द झाला. बाकी विषयांच्या सरासरीने मार्क मिळणार म्हटल्यावर वस्तीतली पोरं खूश झाली. ही मात्र रात्र रात्र जागी राहायला लागली. जेवण अर्धं टाकायची. विचारलं तर "काही नाही". दुसरं काय सांगणार? पाच जण ऐकत असताना "काही नाही" हेच उत्तर देता येतं.

माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर 'आयकॉल'चा नंबर आला होता. ही टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची समुपदेशन हेल्पलाइन. संस्था देवनारला, म्हणजे आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. पण फोन करायचा कुठून? संडासाच्या रांगेतून? पोटमाळ्यावरून बोललेलं खाली स्पष्ट ऐकू येतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवर ती एका रात्री गेली, तर दुसऱ्या दिवशी काकी आईला म्हणाली, "पोरगी रात्रीची हळू आवाजात कोणाशी बोलते?" वस्तीत मुलीच्या हळू आवाजाचा एकच अर्थ लावतात. त्यानंतर तिने फोनला हात लावणंच सोडलं.

वाट आजीने काढली. तिला कोणी काही समजावलं नव्हतं. एका दुपारी चार वाजता तिने सगळ्यांना गल्लीत काढलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर पाटावर बसली. "पोरीचा अभ्यास चाललाय," येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची. काकीलाही हेच सांगितलं, आणि वर तिला लसूण सोलायला बसवलं. बहीण आत किती वेळ बोलली, काय बोलली, आम्ही विचारलं नाही. पुढचे काही आठवडे चार ते पाच दार बंद राहायचं. ती लगेच बरी झाली असं नाही. जेवायला मात्र लागली. जुलैअखेर निकाल लागला, मग मराठा आरक्षणाला स्थगिती आली आणि अकरावीचे प्रवेश अडकले, तेव्हा तिचं जागरण पुन्हा सुरू झालं आणि आजीने पाट पुन्हा बाहेर नेला.

माझं वेगळंच लोंबकळत होतं. अंतिम वर्षाची परीक्षा होणार, नाही होणार, यातच उन्हाळा-पावसाळा गेला. राज्य सरकार नको म्हणत होतं, यूजीसी घ्याच म्हणत होती. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाचे बहुपर्यायी पेपर मोबाइलवर सुरू झाले. पहिल्या पेपरला आजीने चौघांना गल्लीत काढलं. शेवटचे दोन प्रश्न राहिले असताना शेजारी पाण्याची मोटर सुरू झाली. आजी बाहेरून तिच्यावरही ओरडली. मोटर काही थांबली नाही. मी दोन्ही उत्तरं टिक केली आणि पेपर सबमिट केला.