चौदा सीडींचा मित्र

२००५ च्या जूनमध्ये डेबियन लिनक्सची ३.१ आवृत्ती आली. टोपणनाव ‘सार्ज’. अख्खा सेट तब्बल १४ सीडींचा! माझ्याकडे तेव्हा डायल-अप. एक सीडी उतरवायची म्हणजे दीड दिवस फोन एंगेज, वर आईची बोलणी फुकट.

मग ठाण्याचा मित्र धावून आला. ऑफिसच्या लाइनवर रोज थोडं थोडं उतरवत त्याने सगळा सेट राइट केला, प्रत्येक सीडीवर मार्करने नंबर टाकला आणि रविवारी दादरला माझ्या घरी हजर! पहिली, दुसरी सुरळीत. तिसरी रीडच होईना. फुंकर मारून झाली, शर्टाला पुसून झाली... छे! पुढच्या रविवारी पठ्ठ्या नवी तिसरी घेऊन परत आला. त्या निमित्ताने पोहे, चहा आणि ‘ही नोकरी सोडावी का?’ यावर संध्याकाळपर्यंत चर्चा. मग ते दर रविवारचंच झालं.

पुढे घरी ब्रॉडबँड आलं आणि मी नेट-इन्स्टॉलवर गेलो. छोटीशी एकच सीडी. ती फक्त पाया घालते. बाकी हवं तेवढंच नेटवरून येतं, तेही ताजं. नंतर अपडेट्स उतरवत बसायची कटकट नाही. फक्त नेटवर्क कार्ड ओळखलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळंच अडलं. मित्राला ऐटीत फोन केला, ‘आता तुझ्या सीडी नकोत रे!’ ‘बरं झालं,’ तो म्हणाला. हळूहळू रविवारही सुटले.

नंतर कळलं, डेबियनच्या सीडींवर लोक जास्त वापरतात ती पॅकेजेस आधी लावलेली असतात. म्हणजे बहुतेकांचं काम पहिल्या एक-दोन सीडींतच होतं. चौथीपासून पुढची एकही मला कधी लागली नाही. त्याने मात्र सगळ्या १४ आणल्या होत्या.

परवा नव्या लॅपटॉपवर पुन्हा डेबियन टाकलं. पेन ड्राइव्ह, वाय-फाय, अर्ध्या तासात काम फत्ते. २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून वाय-फायचं फर्मवेअरही सोबतच येतं. कुणाला काही विचारावं लागलं नाही, आणि नेमकं तेच खटकलं.

कपाटातून तो सेट काढला आणि फोन लावला.

‘तुझ्या सीडी अजून आहेत माझ्याकडे.’

‘फेकल्या नाहीस?’

‘नाही. रविवारी येतोस? पोहे करतो.’

‘येतो की! तिसरी सीडी आणू?’