अर्ध्या कोयत्याची परसबाग

पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत आजवर चार टोमॅटोची रोपं, दोन तुळशी आणि एक महागडं 'किचन गार्डन किट' शहीद झालंय. त्यामुळे यंदा मेच्या शेवटच्या वीकएंडला सरळ आजोळ गाठलं. गुरू करायचाच, तर आजीला का नको? बॅगेत लॅपटॉप, डोक्यावर दोन डेडलाइन्स आणि बुडाखाली अहिल्यानगर-जामखेडमार्गे जाणारी एसटी!

जामखेड मागे पडलं आणि सौताडा आलं, की बीड जिल्हा. पावसाळ्यात इथल्या धबधब्यापुढे फोटोंसाठी ही झुंबड असते. मेमध्ये नुसता काळा कातळ. आजूबाजूला बालाघाटाचे डोंगर आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली सीताफळाची झुडपं. हो, बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, बरं का! पण हे फळ मुळात कमी पाण्यात तग धरणारं. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो; मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त कोसळतो. इथली परसबाग समजून घ्यायची, तर हा आकडा आधी लक्षात ठेवायचा.

आजीचं गाव पाटोदा तालुक्यात. घरामागं तिचं परस, आपल्या टू बीएचकेच्या हॉलपेक्षा जरासं मोठं. मी पोचले तेव्हा ती आढ्याला टांगलेला वाळका दोडका काठीनं काढत होती. शेजारी गाडग्यांची उतरंड, त्यात राखेत घोळलेलं बी. वांगी, गवार, अंबाडी, घेवडा. सॉलिड सीड बँक आणि तिचा पासवर्ड फक्त आजीकडे, कारण एकाही गाडग्यावर नाव नाही!

मी कौतुकानं एक्सेल शीट उघडली. आजीनं काठी घेतली आणि मातीतच नकाशा काढला. वेल उत्तरेच्या कुंपणावर, म्हणजे त्यांची सावली मिरचीवर पडणार नाही. गेल्या साली वांगी होती तिथं यंदा मिरची नाही, गवार. वांगी-मिरची एकाच खानदानातली, एकीचा रोग दुसरीला. गवार मात्र जमिनीला नत्र देऊन जाते. (नत्र हा शब्द माझा, आजी म्हणाली, "भुई निवती.") न्हाणीचं पाणी शेवग्याला आणि केळीला, पालेभाजीला नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा, या परसात एवढा शेवगाच हिरवा होता.

भेंडीचं बी 'परभणी क्रांती'चं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 1985 मध्ये आणलेलं हे वाण केवड्याला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला, सहसा दाद देत नाही. शिवाय हायब्रीड नाही, त्यामुळे बी घरचं धरता येतं. हायब्रीडचं बी धरलं की नातवंडं आजीवर जातीलच असं नाही!

सगळा हिशेब मृगाचा. सात-आठ जूनला मृग निघतो, पण आजी पहिल्या सरीला भुलत नाही. "ओल ईतभर खाली जाऊं दी, मग हात लाव." तोवर फक्त वांग्या-मिरचीची रोपं टाकायची, हंड्यातल्या पाण्यावर.

एवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचंही परस आजीच्या कुंपणाला लागून. मी उत्साहात विचारलं, "वहिनी, तुमचं प्लॅनिंग काय?"

"मपलं काय, दसऱ्याला संपतं."

वहिनी आणि दादा ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते परततं पाडव्याच्या सुमारास. मुलं मागं, कधी हंगामी वसतिगृहात, कधी आजीच्या ओसरीवर. त्यामुळे वहिनींच्या परसात जूनमध्ये लावून ऑक्टोबरात हात झटकता येईल एवढंच: दीड-दोन महिन्यांत तोडणीला येणारी भेंडी, गवार, चवळी. घेवडा नाही, कारण तो थंडीत बहरतो आणि तेव्हा घराला कुलूप. उरलंसुरलं वाळवायचं. मिरच्या, अंबाडीचा पाला, कारल्याच्या काचऱ्या. फडावरच्या खोपीत भाजी म्हणून तेच.

यंदा मात्र वहिनींना राहायचंय. कंबर धरलीय, थोरली दहावीला आहे. आजीच्या बोअरला पौषापर्यंत पाणी असतं, त्यावर मेथी, पालक, कोथिंबीर करायची आणि आठवडी बाजारात बसायचं. मला फारच कूल आयडिया वाटली. मग दादांचं गणित कळलं. मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गेला तर अर्धा. अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धी, आणि गेल्या हंगामातली थोडी फिटायची बाकी. मेथीच्या जुड्या अर्ध्या कोयत्याची भरपाई करतील का? माझ्या एक्सेलला विचारलं. मेथीचा भाव सोमवारी एक आणि गुरुवारी एक, शीट काय सांगणार!

आजीनं उपदेश केला नाही. काठीनं वहिनींच्या परसाचाही नकाशा काढला आणि मधोमध एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे दसऱ्यापर्यंतचं. पलीकडे घेवडा, आणि मेथीसाठी तीन वाफे, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरायचे, म्हणजे दर बाजाराला ताज्या जुड्या.

"आन् मी गेलेच तर?" वहिनी म्हणाल्या.

"तर घेवड्याला पाणी मी घालीन. शेंगा मपल्या," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघताना आजीनं मला बी बांधून दिलं, दोडका आणि परभणी क्रांती, जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदात. बाल्कनीत दहा कुंड्या नको, दोनच मोठ्या ठेव, अशी ताकीदही दिली. एसटीला वेळ होता. वहिनी किराणा दुकानात उभ्या होत्या. मेथीचं बी म्हणजे आपली डब्यातली मेथीच, वेगळं काही नसतं. दुकानदारानं विचारलं, "पाव की अर्धा?" वहिनींनी पिशवीत हात घातला, सुटे मोजले.

"पाव द्या आत्ता. उरलेलं मुकादम येऊन गेल्यावर सांगते."