पंच्याहत्तर सेकंद

एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० गुणांचा असतो. प्रश्न १२०, वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. एनडीएतून आर्मीत जायला बारावीची कोणतीही शाखा चालते. पण मला हवाई दलात जायचे आहे आणि त्यासाठी गणित व भौतिकशास्त्र लागतेच. म्हणून अकरावीला मी गणित घेतले. फोनवर आईला सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "झेपेल ना रे तुला?"

दहावीपर्यंत गणित म्हणजे सूत्र आठवा, आकडे घाला, उत्तराखाली दोन रेघा ओढा. आता तसे चालत नाही. संध्याकाळच्या प्रेपमध्ये एकच उदाहरण कधी कधी तासभर पुरते. शेजारचा बायोलॉजीवाला मित्र अख्खा धडा वाचून मोकळा होतो आणि माझ्या वहीत तीनच ओळी असतात. ७५ सेकंदांच्या परीक्षेसाठी हा तास कशाला, असे मला सुरुवातीला फार वाटायचे.

मग एके दिवशी वर्गात तोफगोळ्याचे उदाहरण आले. वेग तोच ठेवला आणि हवेचा विरोध धरला नाही, तर पल्ला साइन टू थीटावर अवलंबून असतो. ४५ अंशांना तो सर्वांत जास्त, हे सगळ्यांना पाठ होते. सरांनी विचारले, ३० आणि ६० अंशांपैकी कोणता गोळा लांब जाईल? आम्ही वहीत मांडून पाहिले. साइन ६० आणि साइन १२० सारखेच, म्हणून दोन्ही गोळे एकाच जागी पडतात! गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथातही हे आहे. सरांचा पुढचा प्रश्न होता, मध्ये टेकडी असेल तर कोणता कोन घ्याल? टेकडीमागच्या शत्रूवर मारा करायला मॉर्टरची नळी इतकी उभी का ठेवतात, हे तेव्हा मला कळले. त्या एका उदाहरणात सबंध तास गेला.

आता असा प्रश्न सराव परीक्षेत आला, तर मला वीस सेकंदही लागत नाहीत. सूत्र आठवावे लागत नाही, गोळ्याची वाट डोळ्यांपुढे दिसते. सगळे १२० प्रश्न वेळेत होतात असे अजून नाही. पण प्रेपमधला तो एक तास आता मला जड जात नाही.

दहावीतले कॅडेट विचारतात, "गणित घेऊ का?" मी म्हणतो, एका प्रश्नापाशी तासभर बसायची तयारी असेल, तर जरूर घे.